इटलीतलं ओस पडलेलं डोंगरी गाव: १:५० मॉडेलसाठी घराची रचना, रोजचं जगणं आणि पडझड

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. नागपूरला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. स्टुडिओत यंदा 'सोडून दिलेली वस्ती' हा विषय आहे आणि आमच्या गटाने इटलीतलं डोंगरावरचं गाव घेतलंय. पाच घरांचा पुंजका, १:५० मापात, उतारासकट. सोबत एक पॅनेल असेल: या घरांत माणसं वर्षभर काय करत होती.

सध्या ठरलेलं असं. क्राकोसारखी उंच टेकडी, दगडी फरश्यांची छपरं, खाली गोठा आणि वर घर, बाजूला चेस्टनट वाळवायची खोपटी. भिंतींची जाडी, छपराचा उतार, फरशीचं माप हे नक्की किती धरायचं? पाचपैकी तीन घरं पडकी दाखवायची आहेत, पण हातोडीने वरून फोडल्यासारखी दिसायला नकोत. पडझड सुरू कुठून होते? आणि सामान सीताबर्डी-इतवारीत मिळेल तेवढंच. जुरी (परीक्षकांसमोरचं सादरीकरण) मे महिन्यात आहे.

चुनाघाणी

सगळ्यात आधी ते क्राको बाजूला काढा. तुम्ही दोन वेगळ्या इटल्या एकाच टेकडीवर चढवताय.

क्राको दक्षिणेत, बाझिलिकाता प्रांतात, मातेराच्या बाजूला. समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचीवर. तिथे छपरं अर्धगोल कौलांची, भोवती गव्हाची शेतं आणि माथ्यावर नॉर्मन काळातला चौकोनी बुरूज. दगडी फरश्यांची छपरं तिथे नाहीत आणि चेस्टनटच्या धुरी-खोल्याही नाहीत. गाव बसलंय चिकणमातीच्या उतारावर. पाणी मुरलं की ती माती मऊ पडते आणि सरकते. विदर्भात काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथली जमीन सपाट आहे म्हणून भिंतीला तडे जातात, तिथे उतार आहे म्हणून अख्खी गल्ली खाली जाते. १९६३ च्या भूस्खलनानंतर लोकांना खाली खोऱ्यात क्राको पेस्कियेरा इथे हलवायला सुरुवात झाली. १९७२ च्या पुराने आणखी नुकसान केलं आणि १९८० च्या इर्पिनिया भूकंपानंतर वर कुणी उरलं नाही.

म्हणजे गाव का सुटलं, यावर मॉडेलमधली पडझड ठरते. ढोबळ चार तऱ्हा आहेत. जमीन सरकली: क्राको, किंवा लिगुरियातलं बालेस्त्रिनो, जे १९५३ मध्ये रिकामं केलं. भूकंप: बुस्साना वेक्या, २३ फेब्रुवारी १८८७. (तिथे १९६० च्या सुमारास कलावंत येऊन राहिले, त्यामुळे ते आता पूर्ण ओस नाही.) धरण: तोस्कानातलं फाब्रिके दी करेज्जिने वाग्लीच्या जलाशयाखाली आहे. धरणाच्या डागडुजीसाठी पाणी सोडलं की गाव उघडं पडतं. १९९४ ला शेवटचं दिसलं. चौथी तऱ्हा सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात कमी नाट्यमय आहे: पोटापाण्यासाठी माणसं उतरून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर वायव्य इटलीतल्या पिडमाँटच्या खोऱ्यांतली तरुण पिढी तोरिनोच्या मोटार कारखान्यांत गेली. घरं धडधाकट होती, त्यांच्याकडे बघायला कुणी राहिलं नाही एवढंच.

तुमच्या यादीतलं बाकी सगळं (फरश्यांचं छप्पर, गोठा, चेस्टनट) या चौथ्या गटात बसतं. म्हणून पिडमाँटच्या दक्षिण भागातलं एखादं खोरं घ्या, माइरा किंवा स्तुरा. उंची ९०० मीटरच्या आसपास धरा. चेस्टनट साधारण १००० मीटरपर्यंत चांगला येतो. त्याच्या वर राय (गव्हासारखं धान्य), बटाटा आणि गुरं. १४०० मीटरवर चेस्टनटची खोपटी लावलीत तर जाणकार परीक्षक तिथेच थांबेल.

उभा_छेद

चुनाघाणींना दुजोरा. आता मापं. एक घर बाहेरून ६ × ८ मीटर धरून सांगतो, म्हणजे तुमच्या मापात १२ × १६ सेंटीमीटर.

जागा: घर कधीही चांगल्या शेतजमिनीवर नसतं. सपाट तुकडा पिकाला, खडकाळ आणि तिरकी जागा माणसाला. त्यामुळे घरं एकमेकांना चिकटून, भिंती सामाईक आणि मधल्या वाटा दीड-दोन मीटरच्या.

छेद: हे घर उतारात खोचलेलं असतं, आणि या रचनेतली खरी हुशारी तिथेच आहे. खालच्या बाजूने गोठ्याचं दार, मधल्या मजल्यावर राहायची खोली, आणि सगळ्यात वर गवताचा माळा, ज्याचं दार डोंगराच्या बाजूला जमिनीशी सपाट उघडतं. वरच्या कुरणातून पाठीवर आणलेला भारा थेट माळ्यात ओतायचा, शिडी नाही की दोर नाही. माळ्यातून गवत खाली गव्हाणीत टाकायला भोक. जिना घराच्या आत काढला तर खोलीची जागा खातो, म्हणून तो बाहेरून दगडी, किंवा लाकडी सज्ज्यावरून.

भिंत: गोठ्याच्या पातळीला ७० सें.मी., वर जाताना आतल्या बाजूने कमी होत ५० पर्यंत. म्हणजे मॉडेलमध्ये १४ मि.मी. पासून १० मि.मी. दोन पदरी बांधणी: बाहेर एक तोंड, आत एक तोंड, मध्ये डबर आणि चिपा. दोन्ही पदर एकत्र धरायला अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड. कोपऱ्यात घडवलेले मोठे दगड आळीपाळीने एकदा या भिंतीत, एकदा त्या भिंतीत. बांधायला माती, त्यात जमेल तेवढा चुना. चुना महाग, कारण भट्टी कित्येक दिवस ९०० अंशांवर ठेवायची तर जंगलच जाळावं लागतं. त्यामुळे चुन्याचा गिलावा असलाच तर खिडकीभोवती पांढऱ्या पट्ट्यात. अख्खी भिंत पांढरी रंगवू नका.

गोठ्यावर शक्यतो दगडी कमानीचं छत. शेणाच्या वाफेने लाकडी तुळया कुजतात, आणि वरच्या गवताला आग लागली तरी खालची गुरं वाचण्याची शक्यता राहते. कमानीचा बाहेरचा रेटा एका बाजूने डोंगर घेतो, दुसऱ्या बाजूने ती ७० ची भिंत.

खिडकी ४० × ६० सें.मी. एवढीच, आत रुंद होत जाणारी. उत्तरेला बहुतेक नाहीच. लाकडी सज्जा दक्षिणेला.

छप्पर: तिथला शिस्ट दगड अभ्रकामुळे पापुद्र्यात सुटतो, म्हणून फरश्या निघतात. आपला बेसॉल्ट असा सुटत नाही, त्यामुळे विदर्भात हे छप्पर कुणी केलं नाही. फरशी (तिकडे लोझे म्हणतात) ४ ते ७ सें.मी. जाड, साधारण ६० × ८० सें.मी. उतार २०–२५ अंश. खिळा नाही, खाच नाही. नुसत्या वजनावर आणि घर्षणावर बसलेल्या. उतार वाढवला तर त्या घसरतात.

वजन काढून बघा. घनता २.७ धरली तर ५ सें.मी.ची फरशी १३५ किलो प्रति चौ.मी. एकावर एक चढवल्यामुळे प्रत्यक्षात किमान दुहेरी थर, म्हणजे ३०० किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर वळचण धरून ६ × ८ च्या घराची दोन पाखं साधारण ६८ चौ.मी. भरतात. तर डोक्यावर २० टन दगड, आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ. म्हणून आढं आणि तुळया चेस्टनटच्या किंवा लार्चच्या, २५–३० सें.मी. जाड, नुसत्या सोललेल्या ओंडक्यांच्या. चौकोनी घडवलेल्या दाखवू नका.

गिट्टीखदान_रोड

बर्फाच्या प्रदेशात उतार जास्त हवा ना? २२ अंशांवर बर्फ साचून छप्पर बसेल.

उभा_छेद

बर्फ साचू द्यायचाच असतो. कोरडा साचलेला बर्फ थंडी अडवतो, आणि खालच्या माळ्यातलं गवतही थंडी अडवतं. त्या तुळया त्या हिशेबानेच जाड आहेत. उभं छप्पर हवं असेल तर पिडमाँटच्याच उत्तर टोकाला ओस्सोला खोऱ्यात जा. तिथली पाखं चांगली उभी असतात, पण फरश्या रचायची पद्धत वेगळी आहे. दोन्ही पद्धती एकाच गावात टाकू नका.

वैनगंगा

पॅनेलसाठी रोजच्या जगण्याबद्दल लिहिते. 'साधं, निसर्गाच्या कुशीतलं जीवन' हे शब्द कृपया कापा. घराचं प्रत्येक माप भुकेच्या आणि थंडीच्या हिशेबातून आलंय, तो हिशेब दाखवलात तर पॅनेल उभं राहील.

गवतापासून सुरू करा. डोंगरी लहान गाय हिवाळ्यात दिवसाला १० किलोच्या आसपास वाळलं गवत खाते. गोठ्यात बांधून ठेवायचे दिवस २०० धरा. एका गायीला दोन टन. सुटं गवत घनमीटरला ७० किलोच्या आसपास बसतं, म्हणजे एका गायीमागे साधारण ३० घनमीटर जागा. वर दिलेल्या घराचा माळा आतून जेमतेम ८० घनमीटर. तर या घरात दोन, फार तर तीन गायी. चौथी गाय घ्यायची तर माळा वाढवायचा, माळा वाढवायचा तर कुरण हवं, आणि कुरण डोंगर देईल तेवढंच. मॉडेलच्या गोठ्यात सहा गायी ठेवल्यात तर त्या फेब्रुवारीत उपाशी मरतील.

गोठा हीच हिवाळ्यातली बैठकीची खोली. एक गाय अर्धा ते एक किलोवॉट उष्णता सतत सोडते. सरपण वाचवायचं असतं, म्हणून संध्याकाळी शेजारपाजारची माणसं एका गोठ्यात जमायची. बायका सूत कातायच्या, लोकर विणायच्या, गावात उरलेले पुरुष टोपल्या आणि अवजारांचे दांडे करायचे, दिवा एकच. गोठ्याच्या छेदात गायीसमोर एक बाक आणि कोरड्या पाचोळ्याचा ढीग दाखवा. बीचची पानं गुरांखाली अंथरायलाही जायची.

चेस्टनटची खोपटी: दोन पातळ्या, आतून ३ × ३ मीटर पुरे. खाली जमिनीवर मंद धुमसती आग, धुरांडं नाही. दोन-सव्वादोन मीटरवर चेस्टनटच्याच पट्ट्यांचा जाळीदार माळा, मधल्या फटी फळ पडणार नाही एवढ्याच. त्यावर ३०–४० सें.मी. थर. महिना-सव्वा महिना आग विझू द्यायची नाही आणि भडकूही द्यायची नाही. भडकली तर खालचा थर करपतो आणि माळा पेटू शकतो. विझली तर ओल राहून बुरशी. मध्ये एकदा थर खालीवर करायचा. धूर फरश्यांच्या फटींतून निघतो, म्हणून या खोपटीचं छप्पर आतून काळंकुट्ट आणि वर एखादं लहान भोक. ९ चौ.मी.च्या माळ्यावर साधारण दोन टन ओली फळं बसतात. वाळवून, पोत्यात भरून लाकडी ठोकळ्यावर आपटून सालं काढली की एक तृतीयांश उरतात, म्हणजे सातशे किलो. तेच दळून वर्षभराचं पीठ. या झाडावर १९३८ च्या सुमारास जेनोवाजवळ सालीचा बुरशीरोग आढळला आणि पुढे पसरला. माणसं गावं सोडून गेली त्यामागे कारखान्यांसोबत हेही एक कारण आहे, आणि ते सहसा कुणी लिहीत नाही.

भाकरी... म्हणजे पाव, गावाच्या सामाईक भट्टीत. उंचावरच्या गावांत तर वर्षातून एकदा-दोनदाच भाजायचे. वाले दाओस्ता भागात रायचा काळा पाव हिवाळ्याच्या तोंडावर भाजून लाकडी फळ्यांवर वाळवत ठेवत. तो पुढे इतका कडक होतो की कापायला एका टोकाला बिजागरी असलेली सुरी लागते. एवढ्याशा भाजण्याचं कारण पुन्हा सरपण: थंड भट्टी तापवायलाच अर्धं लाकूड जातं, म्हणून एकदा तापली की सगळ्यांचा पाव पाठोपाठ. तुमच्या पाच घरांना एक भट्टी आणि एक वाहत्या पाण्याची दगडी डोणी एवढंच सामाईक बांधकाम पुरे. डोणीत वरच्या कप्प्यात पिण्याचं पाणी, ओघळून पुढच्या कप्प्यात गुरांचं, शेवटी धुण्याचं.

जून ते सप्टेंबर गुरं वरच्या कुरणांवर. हिवाळ्यात बरेच पुरुष बाहेरगावी. माइरा खोऱ्यातले लोक खारवलेले अँचोव्ही मासे विकत फिरायचे, आणि एल्वा गावचे पुरुष तर टोपांसाठी बायकांचे केस विकत घेत हिंडायचे. त्याचं छोटं संग्रहालय तिथे आहे. म्हणजे हिवाळ्यात गावात बायका, म्हातारे आणि पोरं. पॅनेलवर चारही ऋतूंत तीच माणसं काढू नका.

संत्राबर्फी

वैनगंगाताई, गायींचा हिशेब तसाच पॅनेलवर घेतेय. आम्ही खरंच सहा ठेवल्या होत्या. क्राको रद्द, माइरा खोरं नक्की. आता पडझडीचं कुणी सांगेल का? तीन घरं तीन टप्प्यांत दाखवली तर?

चुनाघाणी

तीन टप्पे ही चांगली कल्पना आहे. क्रम चुकवू नका.

या घराला वर्षातून एकदा, बर्फ वितळल्यावर, छपरावर चढून सरकलेल्या फरश्या जागेवर बसवणारा माणूस लागतो. तो गेला की घड्याळ सुरू.

पहिलं घर. लांबून धड दिसतं. वळचणीजवळच्या दोन-तीन फरश्या घसरलेल्या, एखादी मधली फुटलेली. पाणी आत पडतं, पण नुकसान खोलीच्या मध्यात होत नाही. तुळईचं टोक जिथे भिंतीत घुसलंय तिथे होतं. तिथे वारा नाही, ओल टिकते, लाकूड आतून कुजतं. मधली तुळई ठणठणीत आणि टोक भुसा, अशी अवस्था.

दुसरं घर. टोक तुटलं, तुळई एका बाजूने खाली आली. पाख्याचा एक भाग आत कोसळला, दुसरा भाग तसाच. २० टनांतले काही टन माळ्याच्या फळ्यांवर पडतात आणि त्या घेऊन खालच्या मजल्यावर जातात. गोठ्याची दगडी कमान बहुतेक टिकते, म्हणून ढिगारा तिच्यावर अडतो. तुळई तिरकी, एक टोक अजून भिंतीत अडकलेलं, फरश्या तिच्याभोवती पत्त्यांसारख्या सरकून साचलेल्या. हे घर नीट केलंत तर बाकी दोन आपोआप पटतील.

तिसरं घर. छप्पर नाही, भिंतीचा माथा उघडा. पाऊस वरून दोन पदरांच्या मध्ये उतरतो, माती धुऊन नेतो, थंडीत तेच पाणी गोठून फुगतं. बाहेरचा पदर पोट काढतो आणि जिथे आरपार दगड कमी तिथे सुटून पडतो. आतला पदर उभा राहतो. म्हणून भिंत सगळीकडे सारख्या उंचीवर तुटलेली दिसत नाही. कोपरे सगळ्यात उंच, कारण तिथे घडीव दगड एकमेकांत गुंतलेत. मधला भाग खाली झोल घेतलेला. खिडकीचं लाकूड कुजलं की तिच्या वरचे दगड त्रिकोणात पडतात. डोंगराच्या बाजूची भिंत आतल्या बाजूला ढकललेली, कारण पाठीमागची माती पाण्याने जड होते आणि तिला आतून धरणारा मजला उरलेला नसतो.

झाडोरा: गोठ्याच्या दारापाशी आणि शेणाच्या जुन्या ढिगावर खाजकुइलीसारखी झोंबणारी नेटल आणि एल्डरची झुडपं, कारण तिथे नायट्रोजन साचलेला. भिंतींवर आयव्ही. आत मध्यभागी ॲशचं झाड. हिरवा स्पंज सगळीकडे सारखा लावू नका.

एक राहिलं. दोन घरं शाबूत दाखवताय, तर त्यांवर नवा काँक्रीट स्लॅब किंवा भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा दाखवून 'दुरुस्त' म्हणू नका. अशी दुरुस्ती तिकडे पुष्कळ झाली. १९९७ च्या उंब्रियातल्या भूकंपात दिसलं की ठिसूळ डबर भिंतीवर जड, ताठ छप्पर बसवलं तर भिंत खालून फुटते आणि छप्पर अख्खं खाली येतं. चांगल्या दुरुस्तीचा नमुना हवा तर स्तुरा खोऱ्यातलं पारालूप बघा, १३६० मीटरवर, १९४३ च्या शरद ऋतूत पार्टिझनांचा (फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटांचा) तळ होता तिथे. पडक्या दगडी भिंती तशाच ठेवून आत नव्या लाकडी खोल्या उभ्या केल्यात.

मानेवाडा_मॉडेलवाला

सामानाचं मी सांगतो.

भिंतीला सनबोर्डचा (हलक्या फोमच्या बोर्डाचा) गाभा चालते, पण तिसऱ्या घराला नाही, कारण तिथे दोन पदर दिसले पाहिजेत. तिथे दोन बाजूंना ३ मि.मी. चा ग्रेबोर्ड (राखाडी जाड पुठ्ठा) आणि मध्ये बारीक खडी फेविकॉलमध्ये कालवून भरा. दगड काळे करू नका, ते आपल्या इकडचे झाले. शिस्ट राखाडी, थोडा तपकिरी, कुठे गंजल्यासारखा. फरश्यांवर शेवाळ्याचे पिवळट ठिपके.

फरश्यांना १ मि.मी. ग्रेबोर्ड बरोबर मापाचा आहे, ५ सें.मी. म्हणजे १ मि.मी. तुकडे १२ × १६ च्या आसपास, पण कटरने पूर्ण कापू नका; पट्टी कापा आणि तुकडे हाताने मोडा, काठ दगडासारखा येते. अर्ध्याच्या वर चढवून लावायचे म्हटलं तर एका घराला पावणेचारशे तरी लागतात. पाच घरांचे आधीच मोडून ठेवा, शेवटच्या रात्री होत नाही हे काम.

वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जा. आढ्यावर एका पाख्याच्या फरश्या दुसऱ्यावर चार-पाच सें.मी. पुढे काढतात, म्हणजे मॉडेलमध्ये १ मि.मी. तेवढंच पाणी अडते, वेगळं कौल नसते.

तुळयांना झाडाच्या बारीक सरळ काड्या, ५–६ मि.मी. साल काढून. हॉबी शॉपच्या गोल दांड्या फार गुळगुळीत दिसतात. कडुनिंबाच्या वाळलेल्या काड्या चालतात.

आता मे महिन्याचं. चिकटवलेला ग्रेबोर्ड कूलरसमोर वाळायला ठेवू नका. ती हवा दमट असते, बोर्ड एका बाजूने ओल पितो आणि सारा वाकडा होते. गच्चीवर उन्हातही नाही, सनबोर्ड वाकते. पंख्याखाली, वर पुस्तकांचं वजन ठेवून. उताराला प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं असेल तर थर ५ मि.मी. च्या वर एकदम नको. या हवेत वरून झटकन सुकते आणि तडे जातात. खाली थर्माकोलच्या पायऱ्या, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेली बँडेजपट्टी, दोन थर.

उभा_छेद

थर्माकोलच्या पायऱ्या करताच आहात तर शेताच्या बांधांच्या पायऱ्या वेगळ्या काढा, त्यांची उंची एकसारखी नसते. तीव्र उतारावर बांध उंच आणि पट्टा अरुंद. गारा-मातीशिवाय रचलेली ती भिंत, थोडी डोंगराकडे झुकलेली, मागे बारीक दगडांचा भराव पाणी निथळायला. ओस गावात हे बांध घरांच्या आधी ढासळतात, कारण तुंबलेलं पाणी काढून द्यायला कुणी नसतं. एक-दोन ठिकाणी अर्धवर्तुळात फुटलेला बांध आणि खाली पसरलेली माती दाखवा.

संत्राबर्फी

मानेवाडा दादा, पट्टीची रुंदी १२ धरायची की १६? म्हणजे मोडायची बाजू कुठली?

मानेवाडा_मॉडेलवाला

१६ ची पट्टी कापा, १२-१२ वर मोडा, पण मोडताना मुद्दाम दोन-तीन मि.मी. कमीजास्त होऊ द्या. मोडलेल्या बाजू शेजारच्या फरशीला भिडतात. वळचणीकडे कापलेली कड येईल, ती नखाने किंवा खडबडीत पॉलिश पेपरने थोडी कुरतडा. आणि ग्रेबोर्ड इतवारीतून घेताना वाकवून बघा. जुना, ओल लागलेला असेल तर मोडताना थर सुटतात.